श्वासमास्तरांची क्रियापदं

मी आजवर साधारण साडेनऊ हजार वेळा मेले आहे. हा आकडा माझा नाही, नातीने गुणाकार करून काढलाय. दिवसाला दोन वर्ग, वर्षाचे अडीचशे दिवस, आणि एकोणीस वर्षं. मी म्हटलं, आजारपणाच्या रजा वजा कर गं त्यातून. तर म्हणते, "आजी, मरायला कामावर जाणारी बाई आजारपणाची रजा कशाला घेते?" पोर फटकळ आहे. माझ्यावर गेलीये.

पण ही गोष्ट माझी नाही, मास्तरांची आहे. मी मधे मधे कडमडते, ते तेवढं चालवून घ्या. मला बाजूला व्हायची सवय नाही, आडवं व्हायची आहे.

कुणी बेशुद्ध पडलं, भाजलं, कापलं, बुडता बुडता वाचलं, तर डॉक्टर येईपर्यंत आपण काय करायचं, हे शिकवणारं एक केंद्र होतं. जुन्या गोदामाच्या दुसऱ्या मजल्यावर एक लांबलचक खोली, जमिनीवर हिरवी चटई, भिंतीला टेकवलेली बाकं, आणि काचेचं एक कपाट. कपाटात पट्ट्या, कात्र्या आणि लाकडी फळकुटं. बस ड्रायव्हर, शाळेच्या बाया, कारखान्यातले फोरमन, असे लोक आठ-आठ दिवसांसाठी शिकायला येत. मी तिथे केर-फरशी आणि चहा यासाठी लागले होते. माझं शिक्षण चौथी. तिसरीत दोन वर्षं काढली, म्हणजे वर्षं मोजली तर पाचवी म्हणायला हरकत नाही.

शिकवायला मास्तर. अंगाने काडी, सदऱ्याच्या खिशाला तीन पेनं, आणि चालताना मान पायांच्या एक पाऊल पुढे. मान आधी पोचायची, मग मास्तर. लोक त्यांना श्वासमास्तर म्हणायचे. कारण कुठेही, कुणाचंही काहीही झालं, की यांचा पहिला प्रश्न, "श्वास बघितलात का?" एकदा खालच्या गल्लीत दोन बायकांचं कडाक्याचं भांडण जुंपलं. सगळे खिडकीतून डोकावून कोण काय बोललं ते ऐकतायत, आणि मास्तर कौतुकाने म्हणाले, "त्या डावीकडच्या बाईंचा श्वास पाहा, काय दमदार आहे!"

शिकवायला एक रबराची बाई होती. डोकं, मान, छाती आणि कमरेपर्यंतचं पोट, एवढीच. कंबर संपली की बाई संपली. तिच्या छातीवर दाबायचं, तोंडात फुंकायचं, मग तिची छाती वर यायची. पण माणसाला कुशीवर वळवायचं कसं, मोडक्या पायाला फळकूट बांधायचं कसं, दोघांनी उचलून जिन्यावरून उतरवायचं कसं, हे तिच्यावर शिकवता येईना. पायच नाहीत तर बांधता कशाला? मी कामाला लागून महिना झाला नसेल, मास्तर दारात येऊन म्हणाले, "मावशी, जरा पाच मिनिटं आडव्या होता का?"

ती पाच मिनिटं एकोणीस वर्षं चालली.

वर्गातल्या लोकांनी रबराच्या बाईला थोरली आणि मला धाकटी म्हणायला सुरुवात केली. थोरलीचा तोरा मोठा. तिला दर वर्गानंतर स्पिरिटने पुसायचं, पांढऱ्या चादरीत गुंडाळून कपाटात ठेवायचं. आणि पुसायचं कुणी? धाकटीने. धाकटीला कोण पुसतंय? धाकटीने आपली चटईची धूळ आपणच झटकायची आणि चहाला लागायचं. मी कधी कधी तिला पुसताना म्हणायचे, "बाई, तुझं बरं आहे. खाली काही नाही, त्यामुळे गुडघे दुखायचा प्रश्नच नाही."

आमचे हे कुलपं दुरुस्त करत. संध्याकाळी घरी गेले की किल्ली कानशीवर घासता घासता विचारायचे, "आज किती वेळा गेलीस?"

"दोनदा."

"आणि परत आलीस ते इतक्या उशिरा?"

आता क्रियापदांचं सांगते. मास्तर मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा गटांगळ्या खाऊन तिसऱ्यांदा काठाला लागलेले. ती बोच मनातून जाईना. मग त्यांनी रद्दीवाल्याकडून एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश आणला. त्याची पुढची अर्धी पानं फाटलेली होती. तो उघडला की थेट आर हे अक्षर सुरू. त्यामुळे मास्तरांचं इंग्रजी आरपासून पुढे एकदम पक्कं, आणि त्याच्या अलीकडे सगळा आनंदीआनंद. सफरचंदाला इंग्रजीत काय म्हणतात हे विचारलं तर मान खाजवतील, पण रिससिटेट विचारा, झोपेत सांगतील.

आणि या आर अक्षरातच त्यांना घबाड सापडलं. एक दिवस मला चहाचा कप घेऊन थांबवूनच ठेवलं. म्हणाले, "मावशी, आपण कसे आळशी! सगळ्यालाच म्हणतो, जीव आणला, जीव आणला. पण या लोकांनी बघा, काय गेलंय आणि काय परत आणायचंय, त्याप्रमाणे क्रियापद वेगळं ठेवलंय. प्रत्येक मढ्याला स्वतंत्र क्रियापद!"

मग त्यांनी भिंतीवर एक काळा फळा लावला आणि पांढऱ्या रंगाने, सुरेख अक्षरात, सगळी क्रियापदं त्यावर रंगवली. अक्षरं इंग्रजी, शेजारी आपल्या अक्षरात उच्चार, आणि पुढे ते कशाला वापरायचं ते. शुद्ध गेलीये पण श्वास चालू आहे, तर रिव्हाइव्ह. श्वासच थांबलाय, तर रिससिटेट. उन्हाने कोमेजलाय, तोंडावर पाणी मारलं की झालं, तर रिफ्रेश. टॉर्चची बॅटरी, रिचार्ज. गेलेली वीज परत आणायची, रिस्टोर. विझत आलेला विस्तव फुंकायचा, रिकिंडल. आणि सगळ्यात खाली, जागा उरली म्हणून, रिज्युव्हिनेट.

"हे कुणासाठी?" मी विचारलं.

"हे पैसेवाल्यांसाठी. केस काळे करून येतात ना, ते."

मी मेलेली पडायचे ती नेमकी त्या फळ्यासमोर. दुसरं बघायला होतं काय? डोळे मिटायचे असतात, पण पापण्यांच्या फटीतून मी सगळी क्रियापदं पाठ केली. बसून शिकले तेव्हा तिसरीत गचकले, मरून पडले तेव्हा इंग्रजी आलं. रिससिटेट तेवढं तोंडात बसायला वर्ष लागलं. मी म्हणायला गेले की समोरचा म्हणायचा, "सर्दी झालीये का, मावशी?" घरी तर मी उच्छाद मांडला. स्टोव्ह पेटला, मी म्हणणार रिकिंडल. दिवे आले, मी म्हणणार रिस्टोर. एकदा कुणाला न सांगता केसांना काळा रंग लावून झोपले. सकाळी बघते तर माझे केस होते तसे, आणि उशी मात्र अगदी तरुण झालेली. हे म्हणाले, "हिचं क्रियापद कुठलं?" मी अभ्रा भिजत घातला.

मास्तरांनी या क्रियापदांवरून वर्गाला एक शिस्त लावली होती. आधी क्रियापद, मग क्रिया. म्हणजे असं, की मास्तर दोन टाळ्या वाजवून ओरडणार, "पडला, पडला!" की मी असेन तिथे आडवी होणार. फरशी पुसत असले तर फडक्यावर, चहा देत असले तर ट्रे बाकावर ठेवून त्याच्या शेजारी. पुढे पुढे तर एक थेंब न सांडता पडायला लागले. मग शिकणाऱ्यातल्या एकाने पुढे यायचं, मला नीट बघायचं, माझा श्वास बघायचा, आणि मोठ्याने क्रियापद म्हणायचं. ते बरोबर आलं तरच हात लावायचा.

"का माहितीये?" मास्तर समजावायचे. "घाबरलेला माणूस हाताला येईल ते करतो. पाणी ओततो, गालात मारतो, उगाच गदागदा हलवतो. क्रियापद आठवायला लागलं की क्षणभर डोकं थंड होतं, डोळे उघडतात."

मला हे इतकं पटलं होतं की मी पडल्या पडल्या मनातल्या मनात मान डोलवायचे. खरी डोलवली तर ओरडायचे.

आता माझं पाप सांगते. पुष्कळ घोळ घातला, पण सांगायचं तेच आहे.

गोदामाचा जिना चौतीस पायऱ्यांचा. एक दिवस सकाळी मी बादली घेऊन चढत होते, तर मधल्या वळणावर मास्तर बसलेले. पायरीवर. डावा खांदा उजव्या हाताने धरलेला, कपाळावर घाम. उन्हाळा नव्हता. मी बादली ठेवली.

"मास्तर, हे काय?"

"पित्त."

"पित्त खांद्यात?"

"चढतं कधी कधी."

आता, आमच्या खोलीत फळ्याच्या शेजारी एक तक्ता होता. त्यावर एका माणसाचं चित्र. छातीत आवळल्यासारखं होणं, डाव्या खांद्यात नाहीतर हातात कळ, थंड घाम, चढताना दम. खाली लाल अक्षरात, दुर्लक्ष करू नका. तो तक्ता मास्तर महिन्यातून तीनदा वाचून दाखवायचे. तो चित्रातला माणूस आणि पायरीवरचा माणूस यात फरक इतकाच, की चित्रातल्याच्या खिशाला पेनं नव्हती.

मी म्हटलं, "तुम्हीच शिकवता की हो, मास्तर. तो तक्ता..."

"तक्ता शिकणाऱ्यांसाठी असतो," ते म्हणाले, आणि हसायला गेले, पण दम लागला. मग जरा वेळाने हळूच म्हणाले, "मावशी, कुणाला बोलू नका. ऑफिसला कळलं तर दरवर्षीचा तब्येतीचा दाखला देणार नाहीत. मग मला खाली नोंदींच्या खोलीत बसवतील. कागदांना काय शिकवू? घरी तर मुळीच नको. हिला काळजी पोखरते."

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी तेव्हाच जाऊन त्यांच्या बायकोला सांगायला हवं होतं. वहिनी शाळेच्या मुलांचे गणवेश शिवायच्या, त्यांचं मशीन दोन गल्ल्या सोडून होतं. दहा मिनिटांचा रस्ता. मी गेले नाही. मास्तरांना शब्द दिला म्हणून गेले नाही, असं मी कितीतरी दिवस स्वतःला सांगितलं. ते अर्धं खरं. उरलेलं अर्धं असं, की मास्तर गेले तर नवा माणूस येणार, नवा माणूस पाय असलेली रबराची बाई मागवणार, आणि माझं मरण बंद होणार. चहा काय, कुणीही देतं. पण पडायला माझ्यासारखं कुणी नाही, असा मला माज होता. कुणाला कशाचा माज असतो, मला मरायचा होता.

असे सात महिने गेले. मी त्यांच्या पिशव्या वर न्यायला लागले, त्यांच्या खुर्चीशी पाण्याची बाटली ठेवायला लागले. मधल्या पायरीवर एक उशी ठेवली, बसायला. केवढी हुशारी! माणूस बुडतोय आणि मी त्याला बसायला पाट देतेय.

त्या आठवड्यात वर्गात बारा जण होते. एक बेकरीवाला होता, दाराएवढा रुंद, हाताचे पंजे फावड्यासारखे. एक बस कंडक्टर बाई होती, आवाज असा की तिकडच्या स्टॉपवरचा माणूस उठून उभा राहील. बाकीचे गरीब. आदल्या दिवशी मास्तर म्हणाले होते, "उद्या न सांगता परीक्षा घेणार. कधी, ते सांगणार नाही." मेल्या त्या परीक्षेने सगळा घात केला.

दुसऱ्या दिवशी सकाळची साडेअकराची वेळ. मी मागच्या बाकाशी चहा ओतत होते, पाठ वर्गाकडे. मास्तर भाजल्यावर काय करायचं ते सांगत होते. बोलता बोलता आवाज थांबला. काहीतरी धप्पकन वाजलं, आणि बेकरीवाला ओरडला, "पडले! पडले!"

मी ट्रे ठेवला आणि आडवी झाले.

हसा तुम्ही. मी पण हसते, पण रात्री नाही हसत. एकोणीस वर्षांत "पडले" हा शब्द कानात शिरला की गुडघे आपोआप वाकायचे, त्यात डोक्याचं काही काम नसायचं. डोळे मिटले. तोंड थोडं उघडं ठेवलं, ती माझी खास पद्धत. मनात म्हटलं, टाळ्या नाही वाजवल्या, म्हणजे हीच ती न सांगता परीक्षा. चार-पाच जण माझ्याभोवती जमले. कुणीतरी माझ्या पायाला फळकूट लावायला घेतलं. न विचारता, न क्रियापद म्हणता! मला राग आला. आता मास्तर ओरडतील, म्हटलं.

मास्तर ओरडेनात.

तिकडून पुढच्या बाजूने बोलणी ऐकू येत होती.

"रिव्हाइव्ह," एक आवाज.

"अहो, घाम आलाय, रिफ्रेश असेल."

"घाम आलाय म्हणजे रिफ्रेश? मग भट्टीपुढे मी रोज रिफ्रेशच," हा बेकरीवाला.

"चुकीचं म्हटलं तर पास करणार नाहीत हं."

"मास्तर काय सुंदर करतात हो, नाटकात हवे होते!"

मेलेल्या बाईला ऐकण्याशिवाय काम नसतं. आणि ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं, की एक आवाज नाहीये. मी पडलेली असताना मास्तर सतत माझ्याभोवती फिरायचे, त्यांच्या उजव्या बुटाचा करकर आवाज डोक्याशी, मग पायाशी, मग परत डोक्याशी. त्या आवाजावर मला डुलकी लागायची. आज बूट गप्प होता.

मी एक डोळा उघडला. बाकाखालून पलीकडचं दिसत होतं. मास्तरांचा चेहरा चटईवर एका बाजूला, रंग राखेसारखा. आणि तोंड माशासारखं उघडझाप करत होतं, मधे लांब लांब थांबून. हे मास्तरांनी किती वेळा सांगितलं होतं! माशासारखं तोंड हलतं, त्याला श्वास समजू नका. तो श्वास नव्हे.

मी उठायला लागले. फळकूट बांधणारी कंडक्टर बाई दचकली. म्हणाली, "मावशी, अहो, तुम्ही मेलेल्या आहात!"

"मी नंतर मरते. सरक आधी. ते खरंच गेलेत!"

तिला एक क्षण लागला. मग तिचा चेहरा बदलला, आणि तिने तिच्या त्या स्टॉप हलवणाऱ्या आवाजात अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावला. फोन नसता तरी चाललं असतं, तिकडे तसंच ऐकू गेलं असतं.

मी एका पायाला फळकूट अर्धं बांधलेलं, तशीच फरफटत गेले. मास्तरांना उताणं केलं. आता गंमत बघा. साडेनऊ हजार वेळा मेले होते, पण वाचवलं एकदाही नव्हतं. थोरलीची छातीही मी कधी दाबली नव्हती, नुसती पुसली होती. पण जिवंत माणसावर शिकवताना दाबायचं नसतं, फक्त तळवा ठेवून जागा दाखवायची असते, आणि ती जागा माझी होती. इतक्या वर्षांत इतक्या लोकांचे तळवे माझ्या छातीच्या मधोमध टेकून गेले होते, की ती जागा मला अंधारातही सापडली असती. बरोबर कोण ठेवतं, चूक कोण ठेवतं, कोणाचा तळवा पोटाकडे घसरतो, हे मला आतून माहीत होतं.

तळवा ठेवला, त्यावर दुसरा, कोपरं ताठ. आणि लाज वाटते सांगायला, पण दाबायच्या आधी सवयीने माझ्या तोंडून क्रियापद निघालंच. मोठ्याने.

"रिकिंडल!"

तेही चुकीचं. मास्तर शुद्धीवर असते तर मला नापास केलं असतं.

दाबायला लागले. एक, दोन, तीन. तिसाला पोचेपर्यंत माझाच दम जायची वेळ आली. छातीत कड्‌ असा आवाज झाला, हाताखाली. मी घाबरून थांबणार, पण मास्तरांनीच सांगितलेलं, बरगडी मोडली तर जुळते, थांबलात तर जुळायला कुणी उरत नाही. बेकरीवाल्याकडे बघितलं. तो दाराएवढा माणूस पांढराफटक पडून उभा.

"ये इकडे! माझं झालं की तू!"

"मला क्रियापद..."

"खड्ड्यात गेलं क्रियापद! दाब!"

तो बसला आणि पहिल्यांदा पीठ मळल्यासारखं पुढे-मागे करायला लागला. "मळू नकोस रे, सरळ खाली! खाली!" मग जमलं. तो एकदा, मी एकदा, मग कंडक्टर बाई, मग तो पुन्हा. बारा मिनिटं. बारा मिनिटं कशाला म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. अ‍ॅम्ब्युलन्सचे लोक वर आले, त्यांनी छातीला पट्ट्या चिकटवून झटका दिला. एक, मग दुसरा. मग त्यांच्यातला एक जण म्हणाला, "आले." आणि चौतीस पायऱ्या उतरवून घेऊन गेले. मी जिन्याशी उभी होते, पायाला फळकूट लटकत होतं. जिन्याच्या मधल्या वळणावरची माझी उशी कुणाच्या तरी पायाने उडून खाली गेली होती.

मास्तर वाचले. माझ्या मोडक्या मेहनतीने की बेकरीवाल्याच्या की त्या झटक्याने, ते डॉक्टर जाणोत. दोन बरगड्या मोडल्या होत्या, त्यातली एक माझी, एक बेकरीवाल्याची. म्हणजे होत्या मास्तरांच्याच, पण समजलं ना.

चौथ्या दिवशी मी हॉस्पिटलात गेले. वहिनी बाहेर बाकावर बसल्या होत्या, मांडीवर कसलासा निळा गणवेश, बटणं लावत होत्या. शाळा काही थांबत नाहीत. मला बघून उठल्या, माझा हात धरून बसवलं, म्हणाल्या, "तुमच्यामुळे हा दिवस दिसला."

मी गप्प बसले असते तर तेवढ्यावर भागलं असतं. माझी जीभ थोरलीसारखी रबराची असती तर किती बरं झालं असतं. पण मला ते सहन होईना. सगळे कौतुक करत होते, बेकरीवाल्याने तर मोठा केक पाठवला होता घरी.

"वहिनी," मी म्हटलं, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"त्यांना जिन्यात दुखायचं. खांद्यात. सात महिने."

त्यांची सुई थांबली. मी वाट बघत होते ओरडण्याची. त्या ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

"सात महिने," त्या म्हणाल्या. "सात महिने मी त्यांना पित्ताचं औषध देतेय. रोज सकाळी, चमच्याने, नाक दाबून."

"मला म्हणाले, सांगू नका."

"मलाही म्हणाले असते तर मीही नसतं का ऐकलं? त्यांचं सगळेच ऐकतात." त्यांनी दोरा दाताने तोडला. "तुम्हाला हात जोडू का थोबाडीत देऊ, मला खरंच कळत नाहीये, मावशी."

"दोन्ही द्या."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमचा तो मोठा फळा आहे ना, घरी येऊन दिवसरात्र त्याचंच कौतुक सांगायचे. कुणाला कसं परत आणायचं त्याची सतरा क्रियापदं. त्याच्यावर 'सांगणं' नव्हतं का कुठे?"

सात होती, सतरा नव्हती, एवढंच मला माहीत होतं, आणि ते बोलायची ती वेळ नव्हती.

पुढचं थोडक्यात. मास्तरांना ऑफिसने नोंदींच्या खोलीत बसवायच्या आधीच वहिनींनी त्यांना घरी बसवलं. केंद्रात नवा माणूस आला, त्याने पाय असलेली, छातीत दिवा लागणारी बाई मागवली. बरोबर दाबलं की दिवा हिरवा होतो. माझ्यात असं काही होत नसे. मीही घरी बसले. आमचे हे म्हणाले, "आता घरातच राहणार? जिवंत?"

मास्तरांना डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. वहिनींना मशीन सोडता येत नाही, म्हणून त्यांनी मला नेमलंय. सोबतीला नाही हं, पहाऱ्याला. माझ्या फोनमध्ये त्यांचा नंबर पहिल्या बटणावर त्यांनी स्वतः घालून दिला, आणि एवढंच म्हणाल्या, "आता तरी."

मागच्या महिन्यात असं झालं. बागेच्या कडेने चालता चालता मास्तर कट्ट्यावर टेकले. हात खांद्याकडे गेला. म्हणाले, "मावशी, हिला काही बोलू नका हं. नुसतं दम..."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी फोन लावला होता. वहिनी चार मिनिटांत आल्या, गळ्यात टेप, हातात कात्री, चपला दोन वेगवेगळ्या. गाडीत घालून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी तपासलं, एक गोळी बदलली, एक वाढवली, आणि म्हणाले, बरं झालं लगेच आणलंत.

बाहेर आल्यावर मास्तर माझ्याकडे असे बघत होते, जसं काही मी त्यांची तिन्ही पेनं चोरलीयेत.

"तुमच्यावर विश्वास टाकला होता मी."

"तोच नडला ना, मास्तर."

आठ दिवस बोलले नाहीत. मी रोज त्यांच्या दहा पावलं मागून चालायचे, ते पुढे, मान आणखी पुढे. लोकांना वाटलं असेल, म्हातारीचं आणि म्हाताऱ्याचं बिनसलंय. नवव्या दिवशी फाटकाशी थांबले, मी जवळ जाईपर्यंत वाट बघितली.

"आज मी खरंच दमलेलो नाही," ते म्हणाले.

"बरं," मी म्हटलं, आणि फोन पिशवीत टाकला. हात मात्र पिशवीतच ठेवला.